दोर कोणी सोडला

जबलपूर
१२ फेब्रुवारी २०२३

बेबी,

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर दोन निळ्या खुणा येतात अन् पुढे काहीच नाही. म्हणून हे पत्र. तुझ्या अंदमानात स्पीड पोस्ट कधी पोचतं कोण जाणे, पण हातातला कागद तू न वाचता टाकणार नाहीस एवढं मला माहीत आहे.

बातमी तुझ्यापर्यंत आली असेल. मावशीकडच्यांनी सगळ्या ग्रुपवर टाकली आहे. मागच्या रविवारी धरणावर आपल्या बोटीवर अपघात झाला. पनागरच्या शाळेतल्या शिक्षिका आल्या होत्या, पाण्याखाली उतरायची हौस म्हणून. त्यांतल्या प्रतिमा नावाच्या बाई खाली असताना बोटीला बांधलेला दोर सोडून बोटीच्या मागच्या बाजूला आल्या. इंजिन चालू होतं. पंखा पायाला लागला. मी कपड्यांनिशी उडी टाकली, त्यांना वर काढलं, मांडीला पट्टा आवळला आणि गाडीत घालून शहरात आणलं. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं उशीर झाला असता तर बाई गेल्याच असत्या. डाव्या पायाचा पंजा मात्र काढावा लागला.

पेपरवाल्यांनी माझा फोटो छापला. "जिवावर उदार होऊन वाचवले प्राण." अण्णांनी ते कात्रण टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे. कारखान्यातले त्यांचे जुने सोबती घरी भेटायला येऊन राहिले आहेत. अण्णा प्रत्येकाला काच दाखवतात. ते इतके खूश मी बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते.

आता कामाचं. चौकशी होणार आहे. तसं काळजीचं काही नाही, सगळ्यांची बयानं एकसारखी आहेत. पण बोट सुरू केली तेव्हा तू सोबत होतीस, बोटीवरच्या पुंडलिकला पाण्याखालचं काम तूच शिकवलंस, म्हणून कदाचित तुलाही विचारतील. तर एवढंच सांग की बोटीवर हजेरी घ्यायची पद्धत होती आणि आम्ही ती पाळत होतो. त्यात खोटं काय आहे? पद्धत तर होतीच.

मागचं सगळं डोक्यात धरू नकोस. भावाबहिणीत होतंच असं. तब्येत जप.

तुझा
गुणवंतदादा

जबलपूर
५ मार्च २०२३

बेबी,

तुझं पत्र आलं. त्याला पत्र म्हणावं का? अख्ख्या कोऱ्या पानावर एक ओळ. "दादा, इंजिन सुरू करण्याआधी नावं कोणी घेतली?"

वर ना काही, खाली ना काही. अण्णा कसे आहेत, तू कसा आहेस, विचारायचं नाही. भाऊ पाण्यात उडी टाकतो, बाईचा जीव वाचवतो, अन् बहीण समुद्रापलीकडून एक सवाल पाठवते, ठाणेदारासारखा. खरं सांगतो, मला राग आला. तुझं पत्र चुरगाळलं. मग उलगडलं, कारण अण्णा विचारत होते, बेबीनं काय लिहिलं? मी म्हटलं, खुशाल आहे.

तू पुस्तकातलं बोलतेस. तिकडे निळंशार पाणी आहे, तळ दिसतो. इथे हातभर खाली गेलं की चहासारखं पाणी. धरणात बुडालेल्या सागाची खोडं अजून तशीच उभी आहेत. त्या दिवशी वारा फिरला होता, बोट खोडांकडे सरकून राहिली होती. पुंडलिक दोघींना घेऊन खाली गेला होता. त्यांतली एक बाई घाबरली, तोंडात पाणी गेलं, तिला घेऊन तो वर आला. बाई ओकून राहिली, रडून राहिली, बाकीच्या ओरडून राहिल्या. अशा वेळी बोट खोडांवर आपटू द्यायची का? मी विचारलं होतं. मोठ्यानं विचारलं होतं, "सगळे आले का?" कोणीतरी म्हणालं, "हां भैया, आ गए सब." माणूस याहून जास्त काय करणार?

हे तुला लिहिणार नव्हतो. पण लिहून गेलो, तर आता पुढचंही लिहितो.

काल हॉस्पिटलात गेलो होतो. अण्णांनीच पाठवलं, सोबत संत्री दिली. प्रतिमाताईंच्या पायावर चादर होती आणि चादरीखाली एक पाय लवकर संपत होता. मी तिकडे पाहायचं नाही असं ठरवून गेलो होतो. पण ठरवून असं होत नाही.

त्यांचे मिस्टर श्रीरंग खिडकीशी उभे होते. बायकोकडे पाठ. ताईंनी मला पाहिलं आणि उशीवरून उठायला लागल्या. मी म्हटलं, पडून राहा. तर त्यांनी हात जोडले, बेबी. सुई लावलेला हात उचलून जोडले. म्हणाल्या, "भाऊ, माझ्यामुळे तुमच्या बोटीला बट्टा लागला. मला दोर सोडायला नव्हता पाहिजे."

मी संत्र्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मला तर आठवत नाही कधी सोडला ते," त्या म्हणाल्या. "धरूनच होते असं वाटते. पण सगळे म्हणतात म्हणजे सोडलाच असेल न?"

श्रीरंगजी खिडकीशी उभ्यानंच म्हणाले, "काहून गेली होती पण पाण्यात? पोहता येत नाही, काही नाही. दोन लेकरं घरी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गुणवंतजी, तुमचे उपकार आहेत आमच्यावर."

मी संत्री ठेवली आणि निघालो. जिन्यात बसलो थोडा वेळ. एका नर्सनं विचारलं, चक्कर आ रही है क्या?

दोर सुटला असेलही. पाण्यात काय झालं ते कोणी पाहिलं?

गुणवंत

जबलपूर
२४ मार्च २०२३

बेबी,

या वेळी तू काहीच पाठवलं नाहीस. ते बरोबरच केलंस.

पाडव्याला आपल्या मंडळात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, तसबीर. अध्यक्षांनी भाषण केलं की जबलपूरच्या मराठी माणसानं नर्मदेच्या पाण्यात नाव राखलं. अण्णा पहिल्या रांगेत बसले होते, सत्यनारायणाला घालतात तो सिल्कचा सदरा घालून. टाळ्या सुरू झाल्या तसे ते रडायला लागले. मला चार शब्द बोलायला सांगितले. मी काय बोललो ठाऊक आहे? "पाण्यात उतरताना सूचना पाळा." बेबी, मी असं म्हणालो. माइकवर. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, चल, ग्वारीघाटला, नर्मदामाईला नारळ देऊन येऊ, तिनं तुझ्या हातून एवढं करवून घेतलं. एका नाववाल्यानं मला ओळखलं. "भैया, आप ही हैं न वो? बैठिए, आपसे कुछ नहीं लेंगे." अण्णांचा चेहरा पाहण्यासारखा होता. त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. मला पायरी उतरवेना. मी म्हटलं, पाय मुरगळलाय. अण्णाच खाली उतरले, एका हातानं धोतर सावरत, आणि माझ्या नावानं नारळ सोडून आले.

घरी आल्यावर तुझं ते एका ओळीचं पत्र काढलं. त्याचं उत्तर देतो.

नावं कोणीच घेतली नव्हती. तू गेल्यापासून एकदाही घेतली नाहीत. तू असताना प्रत्येकाला स्वतःच्या तोंडानं स्वतःचं नाव सांगायला लावायचीस, दुसऱ्याच्या वतीनं हो म्हटलेलं चालायचं नाही. मी त्याला शाळा म्हणायचो. लोक पैसे देऊन मजा करायला येतात, उपस्थित गुरुजी म्हणायला येत नाहीत. अन् इंजिनाची चावी तू गळ्यात अडकवायचीस, शेवटचा माणूस शिडी चढून येईपर्यंत. मला स्वतःच्या बोटीची चावी धाकट्या बहिणीकडे मागावी लागायची, तेही गिऱ्हाइकांसमोर. म्हणून तू गेलीस त्या दिवशी तुझ्या गळ्यातून ती ओढली. तुझ्या मानेवर ओरखडा आला होता. तू पिशवी भरून निघून गेलीस आणि मी सगळ्यांना सांगितलं, बेबीला इथलं काम झेपलं नाही.

आता त्या रविवारचं. पाण्याखाली माणसं आहेत हे सांगणारा लाल झेंडा मी आधीच उतरवून ठेवला होता, वाऱ्यानं फडफड करत होता म्हणून. पुंडलिक त्या घाबरलेल्या बाईला शिडीवर ढकलून देत होता. तो स्वतः पाण्यातच होता. तो परत खाली जाणार होता, हे मला दिसत होतं. दिसत होतं म्हणजे, पाहिलं असतं तर दिसलं असतं. मी विचारलं, सगळे आले का, आणि उत्तर यायच्या आधीच माझा हात चावीवर होता. पुंडलिक ओरडला, "दादा, ताई खाली आहे!" ते मी ऐकलं. पण इंजिन सुरू झाल्यावर ऐकलं.

दोर सुटला नव्हता. पुंडलिकनं प्रतिमाताईंना हातानं खूण केली होती, इथेच थांबा, धरून राहा. त्या थांबल्या. बोट पुढे सरकली तशी दोरासोबत त्याही ओढल्या गेल्या, बोटीखाली, पंख्याकडे. मी उडी टाकली तेव्हा त्यांच्या मुठीतून दोर सोडवायला मला दोन्ही हात लावावे लागले. बोटं उघडतच नव्हती. म्हणजे दोर त्यांनी सोडला नाही, मी सोडवला. आणि गाडीत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर असताना, हॉस्पिटल यायच्या आधीच, मी पुंडलिकला म्हटलं, "विचारलं तर सांगायचं, बाईंनी दोर सोडला."

तो म्हणाला, "दादा, असं काहून?"

मी म्हटलं, "बोट बंद पडली तर तू काय खाशील?"

त्यानं तसंच बयान दिलं. तेव्हापासून तो आला नाही. त्याच्या घरी गेलो होतो, त्याची आई दारातच म्हणाली, झोपला आहे. दिवसाढवळ्या.

मी बाईंचा पाय घेतला तो अपघात म्हणता येईल. पण त्यांच्या हातून काही चुकलं नाही, हेसुद्धा मी त्यांच्याकडून काढून घेतलं, ते तर शुद्धीवर राहून केलं. आरशात दाढी करताना मान खाली घालून करतो आता. ब्लेड लागतं.

तुला मी खोटं बयान द्यायला सांगितलं होतं. ते विसर असं म्हणत नाही.

गुणवंत

जबलपूर
२ मे २०२३

बेबी,

तुझा फोन आला आणि मला बोलता आलं नाही. तू विचारत होतीस, आता काय करणार? तेव्हा मला माहीत नव्हतं. आता करून झालं आहे, म्हणून लिहितो.

आधी अण्णांना सांगितलं. सकाळी ते पेपर वाचत होते. पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी. मग काच उचलली, कात्रण काढलं, काच परत बसवली. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "कपडे कर. ठाण्यात मी येतो." ठाण्याबाहेर बाकावर ते बसून होते, मी बयान बदलून येईपर्यंत. आत पुंडलिकबद्दल मी लिहून दिलं की माझ्या सांगण्यावरून तो खोटं बोलला. बोटीला सील लागलं आहे, माझं लायसन गेलं. केस चालेल. शिक्षा होईल असं वकील म्हणतात. ते मला ऐकायला जड गेलं नाही.

मग पनागरला गेलो. एकटा.

प्रतिमाताई ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या, मुलांच्या वह्या तपासत. सासूबाई, सत्यभामाबाई, मटार सोलत होत्या. मला पाहून त्या म्हणाल्या, "या, भाऊ या. हिला समजवा जरा, शाळेत जायचं नाही म्हणते. लोक हसतात म्हणते. हसतीलच न? बाईमाणसानं असे खेळ करावे काय?"

मी उभ्यानंच सांगितलं. बसलो असतो तर जमलं नसतं. चावीचं, झेंड्याचं, गाडीत पुंडलिकला काय म्हणालो ते. सांगताना मी जमिनीकडे पाहत होतो, मटाराची टरफलं दिसत होती.

मग ताई म्हणाल्या, "थांबा. यांना येऊ द्या. मग पुन्हा सांगा. असंच्या असं."

श्रीरंगजी कामावरून येईपर्यंत मी ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहिलो. पाणीसुद्धा कोणी विचारलं नाही आणि का विचारावं? ते आले. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी माझी कॉलर धरली, हात उगारला, मग कोण जाणे काय झालं, कॉलर सोडून ते खाली पायरीवर बसले. मला वाटतं, माझ्यावर हात उचलताना त्यांना स्वतःचं बोलणं आठवलं असावं.

ताई त्यांच्याशी बोलल्या, माझ्याशी नाही. "तुम्ही लोकांना सांगत फिरले की बायको ऐकत नाही. मी तुमची किती वेळा माफी मागितली? रोज मागितली." ते म्हणाले, "प्रतिमा, मला काय माहीत..." त्या म्हणाल्या, "मला विचारलं असतं. मी सांगितलं होतं, धरूनच होते असं वाटते." सत्यभामाबाई पदरानं डोळे पुसत मला शिव्या देत होत्या. त्या मी सगळ्या ऐकल्या.

मी निघालो तेव्हा ताईंनी हाक मारली. मला वाटलं, आता काही बोलतील, वाईट तर वाईट. म्हणाल्या, "सोमवारी शाळेत यायचं. स्टाफ रूममध्ये. मी पण येते."

कुबड्या घेऊन त्या पहिल्यांदाच शाळेत आल्या. श्रीरंगजी सोबत होते, एक पाऊल मागे. लांब टेबलाभोवती सगळ्या शिक्षिका, त्या रविवारी बोटीवर असलेल्याही. मला कोणी खुर्ची दिली नाही, मी मागितली नाही. तिसऱ्यांदा सांगायला लागलो. वाटलं होतं, तिसऱ्यांदा सोपं जाईल. गेलं नाही. पहिल्यांदा सांगताना एक ओझं उतरत होतं. इथे उतरायला काही नव्हतं, नुसती माझी लाज होती, आणि ती पाहायला वीस डोळे.

"मी विचारलं, सगळे आले का," इथपर्यंत आलो. "कोणीतरी हो म्हणालं."

त्याच वेळी कोपऱ्यातल्या एक बाई उठल्या. विनता मॅडम. चेहरा पांढरा पडलेला. "मी म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "आ गए सब, ते मी म्हटलं होतं. मला वाटलं, प्रतिमा पलीकडे बसली आहे. मी पाहिलंच नाही. इतके दिवस मी..."

मी म्हटलं, "मॅडम, पाहायचं काम तुमचं नव्हतं. माझं होतं. तुम्ही काही म्हटलं नसतं तरी मी चावी फिरवली असती. हात तिथेच होता."

बेबी, हे मी मनाचा मोठेपणा म्हणून लिहीत नाही. त्या बाईंच्या नावामागे लपायची जागा त्या क्षणी समोर आली होती, आणि अर्धा श्वासभर मला लपावंसं वाटलंही. ते तुला माहीत असलेलं बरं.

सगळ्या जणी प्रतिमाताईंकडे पाहत होत्या. ताईंनी कुबडी टेबलाला टेकवली. विनता मॅडमकडे बराच वेळ पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "बस, विनता. तुझ्याशी मी नंतर बोलते. यांचं अजून राहिलं आहे."

आणि माझ्याकडे वळून, वर्गात एखाद्या पोराला म्हणावं तसं, म्हणाल्या, "हं. पुढे?"

मी पुढचं सांगितलं.

गुणवंत